वसंतातली रानफुलं पाहायची तर मान वर करून चाला

प्रश्न थोडक्यात असा: "मी पुण्यात राहते. आई सहासष्ट वर्षांची आहे, गुडघे थोडे कुरकुरतात, पण चालायची हौस दांडगी. परदेशातल्या वसंतातल्या फुलवाटांचे फोटो पाहून तिने विचारलं, आपल्याकडे असं काही नसतं का? ज्याला विचारावं तो म्हणतो, फुलं बघायची तर भाद्रपदात कासला जा. फेब्रुवारी ते मे या दिवसांत सह्याद्रीत अस्सल इथली रानफुलं बघत चालता येईल अशा वाटा आहेत का? कुठे आणि कधी जायचं? आणि इथलं कोणतं, बाहेरून आलेलं कोणतं, हे ओळखायचं कसं? जानेवारी संपत आला आहे, सुरुवात कुठून करू?"

वाटा आहेत, आणि आईंच्या गुडघ्यांना झेपतील अशाही आहेत. गेली तीस वर्षं मी लोकांना रानात फिरवतो आहे, आणि भाद्रपदाइतकीच माघ ते वैशाखाची वाट बघतो. फक्त एक सवय मोडावी लागेल. परदेशातल्या फोटोंत फुलांचा गालिचा पायाशी असतो. आपल्याकडे तो गालिचा पावसाळ्याच्या शेवटी अंथरला जातो. वसंतातली आपली फुलं झाडावर असतात. पायाशी शोधत राहिलात तर जळकं गवत आणि फुफाटा दिसेल आणि आई म्हणतील, इथे काहीच नाही. मान वर केली की रान पेटलेलं दिसतं.

असं का, हे समजून घेतलंत तर कुठल्या वाटेवर कधी जायचं हे पुढे कुणाला विचारावं लागणार नाही. कासच्या पठारावर कातळावर मातीचा जेमतेम पातळ थर आहे. जूनमध्ये तो भिजतो, तेरडा, सीतेची आसवं, सोनकी यांना तेवढ्या तीन-चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं असतं. दिवाळीनंतर ओल संपते आणि ती सगळी मंडळी बियांत नाहीतर कंदांत झोपी जातात. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं हेच पठार मार्चमध्ये पाहिलंत तर ओळखू येणार नाही.

झाडांचं गणित उलटं. त्यांची मुळं खोल असतात, काहींच्या खोडातही पाणी साठवलेलं असतं. हिवाळा सरता सरता पानगळीच्या रानातली झाडं पानं टाकून देतात, कारण उन्हाळ्यात पानांतून पाणी उडून जाणं परवडत नाही. आता फांद्या उघड्या पडलेल्या असतात. याच वेळी फूल काढलं तर ते मैलभरावरून पाखरांना दिसतं, मध्ये पानांचा आडोसा नसतो. शिवाय फळ धरून बी पिकायला दोन-तीन महिने मिळतात आणि मृग लागायच्या सुमाराला ते जमिनीवर पडतं. पळस, पांगारा, काटेसावर, गणेर, कौशी ही सगळी झाडं हेच करतात. वसंत ऋतू पंचांगात चैत्र-वैशाखाचा, पण वसंत पंचमी मात्र माघात येते. रान पंचमीचं ऐकतं.

आता क्रमाने काय फुलतं ते सांगतो. तारखा पक्क्या धरू नका. पाऊस लांबला, थंडी रेंगाळली की आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे होतात, आणि कोकणात घाटमाथ्याच्या आधी बहर येतो.

जानेवारी संपताना काटेसावर सुरू होते. तळहाताएवढी जाड, मांसल, लाल फुलं. तिच्यासोबत धायटी, ही झुडूप आहे, डोंगरउतारांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेला हिच्या फांद्या बारीक लाल नळ्यांनी लगडलेल्या असतात. फेब्रुवारीत पळस आणि पांगारा. याच दिवसांत खडकाळ उतारांवर गणेर फुलते, हिला सोनसावर असंही म्हणतात. वाळक्या काठीसारख्या फांदीच्या टोकाला हळदीच्या रंगाचं मोठं, पाच पाकळ्यांचं फूल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कुणीतरी आणून खोचल्यासारखं वाटतं. कौशी अनेकांच्या नजरेतून सुटते. पळसाच्या रंगाची, पण नळीसारखी फुलं बोडक्या फांद्यांवर पोवळ्यांसारखी लागलेली असतात.

होळीच्या आगेमागे वेली आणि झुडपं जागी होतात. करवंदीच्या जाळ्यांवर पांढऱ्या चांदण्या येतात. त्यांचा वास जुईच्या जवळ जाणारा. उक्षीची वेल पांढरट हिरव्या फुलोऱ्याने झाडंच्या झाडं झाकून टाकते. जाणकार गुराखी तहान लागली की हिचं जाड खोड कापून त्यातलं पाणी पितात, पण तुम्ही कापू नका, बाटली बरोबर ठेवा. वाकेरी हा काटेरी वेल खास पश्चिम घाटातला. नारिंगी-लाल तुरे सरळ उभे असतात आणि हिवाळ्यापासूनच दिसायला लागतात. ओढ्याच्या काठी सावलीत सीतेचा अशोक. याचे गुच्छ थेट जुन्या फांद्यांवर येतात, आधी पिवळट केशरी असतात आणि जुने होतील तसे लाल होत जातात, म्हणून एकाच गुच्छात तीन-चार छटा मिळतात. सोसायटीच्या फाटकाशी सरळसोट उभा असतो तो हा अशोक नव्हे, हे आईंना आधीच सांगून ठेवा.

मार्च-एप्रिलमध्ये घाटमाथ्यावर अंजनीचा बहर असतो. त्याच्याविषयी पुढे लिहितो, कारण तो एका ओळीत उरकण्यासारखा नाही. एप्रिलमध्ये करंज, पांढरा कुडा, कुसर आणि बहावा. मेमध्ये कोकणातल्या नदीकाठांवर ताम्हण, म्हणजे आपलं राज्यफूल, आणि मेअखेरीस झाडांच्या खोडांवरून लोंबणारी सीतेची वेणी ही आमरी, म्हणजे ऑर्किड. पहिल्या वळवाच्या पावसानंतर जमिनीतून शेवळा वर येतो आणि तिथून पुन्हा पायाशी बघायचे दिवस सुरू होतात.

बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस येतो, असं गावोगाव सांगतात. मी त्यावर शेतीचं नियोजन करणार नाही, पण चालायचं नियोजन जरूर करतो: बहावा पूर्ण पिवळा झाला की उघड्या डोंगरावरच्या सकाळच्या फेऱ्या थांबवून सावलीच्या वाटा धरायच्या.

फूल जवळून कसं बघायचं हे एका झाडावरून सांगतो. काटेसावर घ्या. बहरात असलेलं एखादं मोठं झाड हेरा आणि सूर्य उगवायच्या आधी त्याच्याखाली, खोडापासून पंधरा-वीस पावलांवर, नुसते बसा. आधी आवाज येतो. टप्प. फूल पाकळी-पाकळी होऊन गळत नाही, अख्खंच पडतं आणि वजनदार असल्यामुळे पाचोळ्यावर त्याचा स्पष्ट आवाज होतो. ते उचला. पाच जाड पाकळ्या, आत पुंकेसरांचे जुडगे, आणि बुडाशी बोट घातलंत तर ओलं लागेल. तो मध. उजाडलं की पळसमैनांचा थवा येतो, मग साळुंक्या, कोतवाल, तांबट, बुलबुल, शिंजीर; खारी तर फांदीवर आडव्या पडून फुलात तोंड घालतात. एका झाडावर मी अर्ध्या तासात अकरा जातींची पाखरं मोजली आहेत, तीही जागेवरून न हलता. खाली पडलेली फुलं वाया जात नाहीत. भेकरं ती खायला येतात, आणि रान शांत असेल तर पहाटे तेही दिसतं. आईंच्या गुडघ्यांना यात काहीच करायचं नाही. घडीची हलकी खुर्ची न्या.

पळसाचं फूलही हातात घेऊन बघा, पडलेलं. बुडाशी काळपट मखमली वाटी, त्यातून बाहेर आलेल्या केशरी पाकळ्यांवर बारीक रुपेरी लव, आणि मधली पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. संस्कृतात याला किंशुक म्हणतात, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?'. हे नाव देणाऱ्याने फूल माझ्या-तुमच्यासारखंच हातात धरून पाहिलं असणार. ती चोच हळूच दाबली की परागकोश बाहेर डोकावतात. शिंजीर मध प्यायला टेकतो तेव्हा नेमकं हेच होतं आणि पराग त्याच्या अंगाला लागतो. एवढं एकदा पाहिलं की पळस म्हणजे लांबून दिसणारा केशरी डाग राहत नाही.

इथलं आणि बाहेरचं यातला फरक. हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याच्या आसपास लोक ज्या गुलाबी बहराचे सर्वाधिक फोटो काढतात तो इथला नाही. टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला निष्पर्ण फांद्यांवर फिक्या गुलाबी-जांभळ्या फुलांच्या माळा दिसतात ती गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. झटपट वाढते, म्हणून टेकड्यांवर मुद्दाम लावली गेली. गुलमोहर मादागास्करचा. नीलमोहर आणि गुलाबी-पिवळी टॅबेबुया दक्षिण अमेरिकेकडच्या. घाणेरी, जिला टणटणी म्हणतात, तीही अमेरिकेतून आली आणि आता घाटातल्या वाटांच्या कडा तिने गिळल्या आहेत.

ओळखायच्या खुणा सांगतो. झाडं एकाच वयाची, सारख्या अंतरावर, ओळीत उभी असतील तर ती लावलेली आहेत. मग कुठली ते पुस्तकात बघा. रानात आपोआप आलेलं झाड कधी ओळीत नसतं. दुसरी खूण झाडाच्या अंगावर काय वस्तीला आहे ती. जुन्या पळसाच्या, कुंभ्याच्या, जांभळाच्या सालीवर शेवाळ, दगडफूल, आमरी, मुंग्यांची घरटी, पानांवर अळ्यांनी पाडलेली भोकं सापडतात. गिरिपुष्पाच्या दाट बनात शिरून बघा, खाली आणि वर किती शांतता असते ती. नावावर मात्र जाऊ नका. चाफा आपल्या देवळांत, गाण्यांत, वेण्यांत इतका मुरला आहे की तो परका म्हटलं तर लोक रागावतात, पण खोडातून दूध येणारा हा देवचाफा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचाच. त्याच्यावर प्रेम करायला हरकत नाही. फक्त रानफुलांच्या वहीत त्याचं पान वेगळं ठेवा.

आता वाटा. एकदाच दूरवर जाण्यापेक्षा जवळची एक वाट धरून दर आठ दिवसांनी तिच्यावरूनच चाला, हे मी प्रत्येकाला सांगतो. फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या डोंगरांत वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा फिरून तिथल्या वनस्पतींची नोंद केली, ती १९५३ मध्ये छापून आली. ते काम एका फेरीत झालं नव्हतं. गेल्या रविवारी ज्या फांदीवर काळी गाठ होती तिथे या रविवारी कळी, पुढच्या रविवारी फूल, मग शेंग: हे बघायला तीच फांदी पुन्हा भेटावी लागते.

तुमच्यासाठी ती नेहमीची वाट वेताळ टेकडी. पुणे शहरातला हा सर्वात उंच भाग आहे आणि गिरिपुष्पाच्या गर्दीतही जुनं रान तग धरून आहे. खडकाळ बाजूंनी चाललात तर गणेर, सालई, मोई, मेडशिंग, पांगारा, काटेसावर भेटतील. गणेरीसाठी फेब्रुवारी-मार्च. चढ आहे, पण थांबत थांबत गेलं तर आईंना जमेल. उतरताना गुडघ्यांना जास्त त्रास होतो, म्हणून काठी उतरतानाच हाती द्या आणि वरच्या सपाटीवर वेळ घालवा.

पनवेलजवळचं कर्नाळा अभयारण्य फेब्रुवारीत सगळ्यात चांगलं. लोक त्याला पक्ष्यांसाठी ओळखतात आणि बहुतेक जण सरळ किल्ल्याकडे धाव घेतात. तुम्ही किल्ला सोडून द्या. खालच्या हरियाल आणि मोरटाका या निसर्गवाटा चालायला सोप्या आहेत आणि वसंतातलं पानगळीचं रान बघायला पुरेशा. पळस, पांगारा, काटेसावर, कौशी, उक्षी यांच्यासाठी इथे डोळे उघडे ठेवा.

मुंबईला जाणं झालं तर बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान चुकवू नका. कान्हेरीकडे जाणाऱ्या आतल्या डांबरी रस्त्याने आईंना सहज चालता येईल, आणि दोन्ही बाजूंना मार्चमध्ये कौशी, पळस, पांगारा दिसतात. शिलोंडाची वाट जास्त रानातली, पण तिथे परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जायचं असतं. उद्यान सोमवारी बंद असतं. इथल्या कारवीला मात्र या फेरीत विसरा. ती आठ वर्षांनी एकदा फुलते, २०१६ नंतर २०२४ मध्ये फुलली, आणि तीही पावसाळ्यात.

आता अंजनी. मार्चचा शेवट किंवा एप्रिलचा पहिला पंधरवडा, महाबळेश्वर किंवा माथेरान. अंजनीला लोखंडी असंही नाव आहे, लाकूड तितकं कठीण. झाड बुटकं, वेडंवाकडं, पानं चिवट आणि वर्षभर हिरवी. इतर दिवसांत कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. बहर येतो तेव्हा पानांच्या बगलेत, फांदीच्या सालीला चिकटून मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या कळ्यांचे घोस धरतात आणि दोन दिवसांत ते उमलून अख्खी फांदी निळी-जांभळी होते. हा निळा दुसऱ्या कुठल्या झाडावर मी पाहिलेला नाही. फूल नखावर मावेल एवढं. भिंग असेल तर लावा: चार पाकळ्या आणि मधून बाहेर आलेले नाजूक केसर. मग खाली बघा. वाऱ्याने गळलेल्या फुलांनी तांबड्या मातीच्या वाटेवर निळसर सडा पडलेला असतो, आणि वसंतात पायाशी बघावं अशी ही जवळजवळ एकच वेळ. बहर जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो आणि सगळ्या झाडांवर एकदम येतोच असं नाही. मी तीन वर्षं लागोपाठ तो हुकवला होता. जायच्या आधी तिथल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन करून 'अंजन फुललं का?' एवढं विचारा.

महाबळेश्वरला ऑर्थर सीट, लॉडविक या गाजलेल्या ठिकाणांच्या गर्दीत शिरायचं कारण नाही. त्यांच्याकडे जाणाऱ्या रस्त्यांना फुटणाऱ्या सावलीतल्या पायवाटा धरा. अंजनी, जांभूळ, पिसा आणि हिरडा यांचं हे रान. जांभूळही याच दिवसांत मोहरतं आणि झाडाखाली उभं राहिलं की मधमाश्यांचा एकसुरी गुंजारव ऐकू येतो. जवळचं मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथल्या जाणत्या मधपाळांकडून कोणत्या फुलाचा मध कधी मिळतो हे ऐकलंत तर बहराचं सगळं कॅलेंडर आपोआप कळेल. त्यांच्याइतकं फुलांवर लक्ष ठेवणारं दुसरं कुणी मला ठाऊक नाही. जुन्या झाडांच्या सालीवर पांढऱ्या आमरी बघायला विसरू नका. पानं नसलेल्या काड्यांवर हलक्या पांढऱ्या फुलांचा तुरा असतो.

आईंसाठी माथेरान अधिक सोयीचं. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारी जात नाहीत, वाटा बहुतेक सपाट, वर झाडांचं छत. एप्रिलमध्ये कडेच्या झाडोऱ्यावर चढलेली कुसर उमलते. पांढरी, लांब पाकळ्यांची ही रानजुई दिसायच्या आधी वासाने कळते. दुपारी अकरा वाजताही चालता येईल अशी माझ्या यादीतली ही एकच जागा.

घाटमाथ्यावरची देवराई एकदा तरी बघा. भीमाशंकरजवळ आंबेगाव तालुक्यात आहुपे हे कड्याच्या काठावरचं गाव आहे. तिथल्या देवराईत शिरलं की बाहेरच्या उन्हाचा विसर पडतो. इथे रंगांचा भडिमार नाही. खोडाला वेढलेल्या जुन्या वेली, उंचावर कुठेतरी आमरी, नशीब असेल तर शेकरू. गावातल्या माणसाला सोबत घ्या, त्याला त्याच्या कामाचे पैसे द्या, आणि तो सांगेल तिथे चपला काढा. देवराईतून वाळकी काटकीही बाहेर न्यायची नसते. या नियमामुळेच ती झाडं आज उभी आहेत.

दक्षिण कोकणात जाणं झालं तर मार्चमध्ये वेंगुर्ले तालुक्यातला आरवलीचा परिसर. सुरंगीसाठी. कळ्या फांदीला थेट चिकटून येतात, पहाटे माणसं झाडावर चढून त्या काढतात, आणि त्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, झाले की वास सगळ्या आळीत पसरतो. झाडं खासगी आहेत, तेव्हा विचारून आत जा. विदर्भातल्या पळसाबद्दल वेगळंच लिहावं लागेल. तिथे तो एकेकटा नाही, शेतांच्या बांधांवरून क्षितिजापर्यंत असतो.

आता जपायच्या गोष्टी. पहिली आणि सगळ्यात गंभीर म्हणजे आग्या माश्या. फुलांचा हंगाम तोच त्यांचा हंगाम. कडे, सुळके, लेण्यांची छतं, मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्या इथे त्यांची पोळी असतात. कर्नाळ्याचा सुळका त्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि किल्ला सोडा असं मी म्हणालो त्याचं हेही एक कारण. अत्तर, सुगंधी तेल, डिओ लावून रानात जाऊ नका. पोळ्याच्या आसपास धूर, आरडाओरडा, ड्रोन काहीही नको. एका किल्ल्यावर आमच्यापुढच्या घोळक्यातल्या कुणीतरी पोळ्याखाली सिगारेट पेटवली होती. माश्या त्याच्यावर नाही, आमच्या मागून येणाऱ्या दोन मुलांवर तुटून पडल्या. मुलं वाचली, पण तो दिवस मी विसरलेलो नाही. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका. ओढणी किंवा पंचाने तोंड-डोकं झाका आणि आल्या वाटेने शक्य तितकं लांब जा, गाडी किंवा घर गाठा. आईंना पळता येणार नाही, म्हणून त्यांना पोळ्यांच्या टप्प्यात नेऊच नका. उपाय तेवढाच.

दुसरी खाजकुहिली. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या तपकिरी शेंगा वाळतात आणि त्यावरची कुसं वाऱ्यानेही उडतात. अंगाला लागली तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढून काढायची. पूर्ण बाह्या आणि पायघोळ पँट असली की निम्मं काम होतं. कातळावर किंवा पाचोळ्यात हात टेकण्याआधी बघा, फुरसं तिथेच बसलेलं असतं. पाणी माणशी तीन लिटर. वाटेवरच्या गावांत ते मिळेल यावर विसंबू नका, मार्चनंतर तिथल्या बायाच दूरवरून हंडे आणत असतात. सहाला चालायला लागा, दहाला सावलीत या. फुलंही त्याच वेळेची असतात.

अभयारण्यात शिरताना वनविभागाच्या नाक्यावर नोंद करा. तिथलं फूल, फांदी, कंद काहीही तोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अभयारण्याबाहेरही तो नियम आपणहून पाळावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. हाताळायला पडलेली फुलं भरपूर असतात. आमरीचा फोटो टाकायचा झाला तर जागा लिहू नका, फोनमधली ठिकाणाची नोंदही काढून टाका. एका झाडावरची दहा-बारा वर्षांची सीतेची वेणी मी दर जूनमध्ये बघायला जायचो. तिचा पत्ता फोटोखाली लिहून फिरला आणि पुढच्या वर्षी सालीवर फक्त खरडल्याची खूण होती. तेव्हापासून मी माझ्या गटातल्या लोकांनाही काही झाडं दाखवत नाही.

आणि वणवा. याच महिन्यांत डोंगर पेटवले जातात. धूर दिसला तर आगीकडे जाऊ नका, उताराच्या वरच्या अंगाला तर नाहीच. बाजूने खाली उतरा आणि १९२६ या क्रमांकावर वनविभागाला कळवा. जळालेल्या उतारावर मोठे पळस वाचलेले दिसतात, त्यामुळे लोकांना वाटतं काही बिघडलं नाही. त्यांच्या पायाशी गुडघाभर उंचीची रोपं होती का, हे आधी पाहिलेलं असेल तरच काय गेलं ते कळतं.

वही ठेवा. फार काही लिहायला नको: तारीख, जागा, झाड, कळी की फूल की फळ, त्यावर कोण आलं होतं. फोटो काढताना फुलाबरोबर खोडाची साल आणि झाडाचा पूर्ण आकारही घ्या, नाहीतर घरी येऊन ओळखता येत नाही. नाव कळलं नाही तर अडू नका. 'ओढ्याजवळचं वाकडं, पांढऱ्या सालीचं' एवढंही पुरतं, पुढच्या फेरीत पान येईल तेव्हा ओळख पटेल.

सुरुवात कुठून, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. येत्या रविवारी वेताळ टेकडी, आणि तिथे फक्त एक काटेसावर आणि एक गणेर हेरून या. कळ्या आता धरल्या असतील. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कर्नाळा. मार्चअखेर अंजनीसाठी फोन. आणि त्याच सुमाराला महाबळेश्वरच्या वाटेवर कुठे मुक्काम केलात तर गावात कुणाला तरी कुंभ्याचं झाड विचारून ठेवा. त्याचं फूल रात्री उमलतं, गुलाबी-पांढऱ्या केसरांचा मूठभर झुबका, आणि सकाळ होताच केसर गळून पडतात. मी एकदा सोळा जणांना घेऊन आठ वाजता पोहोचलो होतो, तेव्हा जमिनीवर केसरांचा ओला थर होता आणि झाडावर नुसते हिरवे गोंडे. आईंना घेऊन साडेसहाच्या आत झाडाखाली असा. बॅटरी आणि शाल न्या, पहाटे तिथे अजून गारठा असतो.